पेशवाईनंतरचे दुकान

पुण्यातल्या जुन्या दुकानांविषयी बोलायचे तर पेशवाई हाताशी असतेच. पाटीवर पगडी काढायची, पिशवीवर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा छापायचा, की दुकानाचे वय आपोआप शंभर-दीडशे वर्षांनी वाढते. गिऱ्हाइकालाही ते आवडते, कारण पैठणी किंवा मोत्याची नथ घेताना आपण नुसती खरेदी करत नसून एक वारसा घरी नेत आहोत असे त्याला वाटते. पण पेठांचा इतिहास नीट पाहिला तर ही सांगड टिकत नाही. पेशवाईतल्या पुण्यात उंची वस्तूंची उलाढाल प्रचंड होती, मात्र कोणीही आत शिरावे आणि उंची वस्तू पाहून विकत घ्यावी असे दुकान तिथे अपवादानेच असावे. आज ज्याला आपण ‘अस्सल पुणेरी दुकान’ म्हणतो ते पेशवाईने घडवलेले नाही. पेशवाई बुडाल्यामुळे ते घडले.

थोरले बाजीराव पुण्यात स्थिरावले आणि १७३० ते १७३२ या काळात शनिवारवाडा उभा राहिला. त्यानंतर पेठा वसत गेल्या, त्यांची पद्धत ठरलेली होती. एखाद्या मातबर माणसाकडे पेठ वसवण्याचे काम द्यायचे, व्यापारी-कारागिरांना काही वर्षे करांची सूट देणारा कौल द्यायचा आणि पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे सोपवायचा. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली. त्यांच्याच बागेच्या जागेवर पुढे नारो अप्पाजी खिरे यांनी तुळशीबागेतले राममंदिर उभारले. जुन्या पेठांची नावे बदलली, मलकापूरची रविवार पेठ झाली, औरंगजेबाच्या वेळच्या मुहियाबादची बुधवार पेठ झाली. पेठांच्या पोटात आळ्या होत्या. कसब्यात तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागद करणाऱ्यांचा कागदीपुरा, रविवारात कापडगंज आणि मोती चौक. ही सगळी नावे पाहून कोणी म्हणेल, की एवढी बाजारपेठ असताना दुकाने नव्हती हे म्हणणे धाडसाचे आहे. आक्षेप वाजवी आहे. पण आळी म्हणजे माल घडतो ती जागा, आणि गंज म्हणजे माल येऊन पडतो ती. धान्य, मीठ-मिरची, साधे लुगडे, तांब्या-परात ओट्यावर विकली जात होती याबद्दल वाद नाही. प्रश्न उंची मालाचा आहे, आणि तो विकत घेणारा मुळात रस्त्यावर येत नव्हता.

सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते सरकार. दरबारात पोशाख देणे हा राजकारणाचाच भाग होता. कोणाला किती वस्त्रे, शेला कोणत्या प्रतीचा, वर शिरपेच द्यायचा की नाही, यावरून माणसाचा दर्जा ठरे. एवढी वस्त्रे लागत ती पैठण, बऱ्हाणपूर, चंदेरी, बनारस अशा ठिकाणांहून मागवून जामदारखान्यात भरली जात. जडजवाहीर जवाहिरखान्यात राही. सरदार आणि सावकार यांची रीत याच वळणाची, फक्त लहान प्रमाणात. जवाहिऱ्या आपली डबी घेऊन वाड्यावर येई, सदरेवर बसून माल उलगडून दाखवी. सोनाराला तर घरीच बसवत: घरचे सोने तोलून त्याच्या हाती द्यायचे आणि दागिना घडेपर्यंत घरच्या कोणाची तरी नजर त्याच्यावर ठेवायची. कसबी माणूससुद्धा दरबाराच्या आश्रयानेच वर येई. याचे ठळक उदाहरण म्हणजे गंगाराम तांबट. नावातच धंदा असलेला हा माणूस चित्रकलेत इतका पुढे गेला की इंग्रज वकील मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. ती कला त्याने ओट्यावर मांडून विकली नाही, तिला वाली मिळाला तो वकिलातीत.

उंची माल दर्शनी न मांडण्याला आणखी एक कारण होते, आणि ते मला अधिक वजनदार वाटते: भीती. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. १७९८ मध्ये तर घरचेच लुटायला उठले. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी सर्जेराव घाटग्याने शहरातल्या पैसेवाल्यांना पकडून, मारझोड करून पैसा वसूल केला. चार वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळची लढाई जिंकली आणि शहर पुन्हा पैशासाठी पिळले गेले. अशा शहरात मोत्याच्या लडी दुकानात टांगणे म्हणजे घाटग्याला घराचा पत्ता कळवण्यासारखेच. वाड्याची दारे ठेंगणी आणि भिंती जाड का, याचे उत्तर वास्तुशास्त्रापेक्षा या तारखांत जास्त सापडते.

१८१८ मध्ये हे सगळे गेले. दुसरा बाजीराव सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला. पुण्याच्या बाजाराच्या हिशेबाने याचा अर्थ एवढाच, की शहरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपले पैसे आता गंगेच्या काठी खर्चू लागले. फौज मोडली, सरदार आपापल्या जहागिरीच्या गावी पांगले. जामदारखाना, जवाहिरखाना हे शब्द दप्तरांत उरले. ज्या कारागिराला वाड्यावरून बोलावणे येत होते, त्याला आता गिऱ्हाईक स्वतः शोधावे लागले. हे गिऱ्हाईक हळूहळू आले, पण आले: इंग्रजी कचेऱ्यांतला कारकून, शिक्षक, वकील, पेन्शनर. त्याच्याकडे महिन्याला ठरावीक पैसा होता, चोखंदळपणा होता, आणि सोनाराला घरी बसवण्याइतकी ऐपत नव्हती. म्हणून तो दुकानात गेला. पुणेरी दुकानाचा जन्म त्याच्या बेताच्या खिशातून झाला असे मी मानतो.

तांबट आळीत हा बदल स्पष्ट दिसतो. घाटातून रेल्वे आली, १८६३ पर्यंत मुंबई-पुणे रूळ सलग झाले आणि तांब्या-पितळेचा तयार पत्रा मुंबईहून येऊ लागला. पत्रा कापून, जोड बसवून भांडे उभे करायचे आणि मग गोल तोंडाच्या हातोडीने त्यावर एकसारखे ठोके देत जायचे, हे मठारकाम. ठोक्याठोक्याने धातू घट्ट होतो आणि भांड्याच्या अंगावर उथळ खळ्यांची नक्षी उमटते. नक्षी दिसायला सुरेख, पण मूळ हेतू मजबुतीचा. घरोघरच्या घागरी, हंडे, पुढे पाणी तापवायचे बंब यांच्यावर आळी जगली. तुळशीबागेत तीच भांडी मुलींच्या भातुकलीसाठी बोटभर उंचीची होऊन विकायला बसली. दरबाराच्या काळात या हातांना जे काम मिळाले असेल ते मिळो, शहरभर त्यांचे नाव झाले ते मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरामुळे.

याच शतकात दुकानाला आणखी एक गुण चिकटला, तो म्हणजे मत. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७० नंतरच्या वर्षांत स्वदेशीचा प्रचार करत होते आणि देशी माल विकणारी दुकाने काढायला लोकांना उभे करत होते. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. काय विकत घ्यावे हा सचोटीचा आणि देशाचा प्रश्न झाला, की दुकानदारही निव्वळ विक्रेता राहत नाही. ‘एकच भाव’ ही पाटी म्हणजे घासाघीस न करण्याचा आळस नव्हे, सर्वांना सारखे वागवण्याची ती जाहीर हमी होती. (ही हमी कधी कधी सर्वांना सारखेच तुसडेपणाने वागवून पाळली गेली, हेही खरे.) पुढे पेठा कापत लक्ष्मी रस्ता निघाला आणि दुकानाला दर्शनी भाग मिळाला. मूळच्या सांगलीच्या, १८३२ पासूनच्या गाडगीळांच्या पेढीने पुण्यात दुकान थाटले ते १९५८ मध्ये. चितळे बंधूंचे दुकान १९५० चे. ज्यांना आपण पुण्याची प्राचीन दुकाने समजतो त्यांतली किती तरी स्वातंत्र्याच्या आगेमागेची आहेत. सोन्याच्या बाबतीत सरकारनेही हातभार लावला. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवण्यास बंदी आली, परवाने आणि नोंदवह्या आल्या. सुटा सोनार कोलमडला. कागदपत्रे सांभाळू शकणारी पेढी तगली.

मग पेशवाईतले काहीच उरले नाही का? उरले, पण ते वस्तूत किंवा पाटीत शोधू नये. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या साडीच्या दुकानात पाहावे. पांढऱ्या गादीवर चपला काढून बसायचे. माल कपाटात, नाही तर माळ्यावर. विक्रेता आधी विचारतो, कार्य कोणाचे, किती किमतीपर्यंत दाखवू. मग वरून गठ्ठे टाकले जातात आणि एकेक साडी पदर पुढे करून उलगडली जाते. लष्करात, म्हणजे कॅम्पात, १८१७ पासून छावणी वसली. तिथल्या मेन स्ट्रीटवर काचेआड माल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणावण्याची साहेबी पद्धत रुजली. पेठेतल्या दुकानाने ती उशिरा घेतली, आणि अर्धवट घेतली. बसलेल्या गिऱ्हाइकापुढे माल आणून उलगडण्याची सदरेवरची चाल मात्र दुकानाने उचलली, फक्त सदर आता भाड्याची होती.

भाड्याचा मुद्दा इथे टाळता येत नाही, कारण ‘हा सारा पुणेकरांच्या स्वभावाचा परिणाम’ या लाडक्या सिद्धान्ताला खरे उत्तर तिथेच आहे. दुपारी एक ते चार बंद, ‘आमची कोठेही शाखा नाही’, माल संपला की दुकान बंद, हे सगळे स्वभावावर ढकलायला सोपे आहे. पण तऱ्हेवाईकपणा परवडावा लागतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. १९९९ च्या कायद्याने वाढ दिली ती वर्षाला चार टक्क्यांची. बाजारभावाशी ज्याचा संबंध उरलेला नाही अशा भाड्यात बसलेल्या दुकानदाराला दुपारी झोपता येते. त्यातून घर वाड्यातच मागे किंवा वरच्या मजल्यावर, आणि गल्ल्यावर घरचाच माणूस, म्हणजे जेवणाची वेळ हीच दुकानाची वेळ. शाखा काढायची तर नवी जागा चालू दराने घ्यावी लागणार, मग नसलेल्या शाखेचा अभिमानच बरा. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारची सुटी बंद केली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, विनोद झाले, पुणे बदलले म्हणून हळहळही झाली. वास्तविक पाळ्यांत काम करणारा नोकरवर्ग आला की एक ते चार बंद ठेवण्याला कारण उरत नाही, मग मालकाचा स्वभाव कसाही असो.

भाडे नियंत्रणाचे एक अंग मात्र कडू आहे, आणि जुन्या दुकानांच्या चाहत्यांनी ते सहसा विचारात घेतलेले नाही. ज्या भाड्याने दुकान वाचवले त्याच भाड्याने वाडा मारला. इतक्या तुटपुंज्या उत्पन्नात कौले बदलायची, वासे बदलायचे हे मालकाला शक्य नव्हते आणि भाडेकरूला ते आपले काम वाटत नव्हते. वाडा पडला की तिथे इमारत येते, जुन्या भाडेकरूला तळमजल्यावर गाळा मिळतो, नाव तेच राहते. ओटा जातो, गादी जाते, मागचे घर जाते. तांबट आळीतही बंब गेला तो गॅस आणि गिझरमुळे, घागर गेली ती स्टील-प्लॅस्टिकमुळे. आता तिथले मठारकाम दिव्यांच्या छत्र्या, ताटे आणि शोभेच्या भांड्यांवर उतरते. ते विकत घेणारा बंगल्यात किंवा परदेशात असतो, आणि बहुधा आळीत न येता नमुना ठरवून मागणी नोंदवतो. कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर ही दुकानापेक्षा जामदारखान्याच्या जवळची व्यवस्था आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ आणि मंडई या ठिकाणी भुयारी मेट्रोची स्थानके सुरू झाली, आणि तिथल्या जागेचा भाव आता जुन्या भाडेकराराला विचारून ठरणार नाही.