फिरती पेटी आणि थांबलेले कपाट

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचा साठा आणि वाचक म्हणजे त्या साठ्यापर्यंत चालत येणारा माणूस, ही समजूत आपल्याकडे खोलवर मुरली आहे. संगणक आल्यावरही ती फारशी हलली नाही. कपाटाच्या जागी संकेतस्थळ आले, एवढेच. वास्तविक बडोदे संस्थानाने शतकापूर्वीच ती तपासून पाहिली होती.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षरही पुसले जाते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत तेथे होते. या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला आणि १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी या तीन भाषांत ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघू लागले.

तथापि योजनेचा खरा कस गावांत लागला. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार देई. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. पेटीत पुस्तके मोजकीच असत. म्हणजे निवड करणारा जाणकार, पेटी सांभाळणारा गावातला माणूस आणि ती वेळेवर परत येण्याची व्यवस्था, या तिन्हींशिवाय ती निव्वळ लाकडाची पेटी ठरली असती.

आज जुन्या मराठी ग्रंथांची लाखो पाने महाजालावर आहेत. मात्र ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पातील कितीतरी मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत आणि तीही अशुद्ध नोंदवली गेली. देवनागरीत शोधणाऱ्याला ते ग्रंथ सापडत नाहीत. ग्रंथ आहे, पण वाट नाही. पेटी भरली; ती पोचवणारा माणूस नेमायचा राहिला.

महाराष्ट्रातही हिशेब मुख्यतः साठ्याचाच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. गावोगावची ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात, आणि अनुदानासाठीच्या ‘अ’ ते ‘ड’ या वर्गवारीत ग्रंथसंख्येला मोठे वजन आहे. विद्यार्थ्याला हवा तो दस्तऐवज शोधून देणाऱ्या, वृद्ध वाचकाला पडद्यावर अक्षर मोठे करून दाखवणाऱ्या ग्रंथपालाचे काम या मोजणीत कुठे धरायचे?

साठा आता कुठेही ठेवता येतो, त्यामुळे ग्रंथालयाची गरज संपली, असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. बडोद्याचा अनुभव नेमका उलट सांगतो. ग्रंथसेवा सुरू होते ती साठा संपतो तिथून. अनुदानाचे निकष पुन्हा लिहायचे झाले, तर कपाटे मोजण्याआधी पोचलेले वाचक मोजावे लागतील.