श्वाननिगा : शब्दांच्या आधारे एका घरगुती व्यवहाराचा मागोवा

१

बैल धुतात, घोड्याला खरारा करतात. कुत्र्याला मात्र आंघोळ घालतात. हा प्रयोगभेद बीड जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात ऐकावयास मिळतो आणि बोलणाऱ्याच्या तो ध्यानीही येत नाही. 'धुणे' ही क्रिया भांडी, कपडे, गाडी आणि बैल या सर्वांना सारखीच लागू पडते. 'आंघोळ घालणे' ही क्रिया मूल, आजारी माणूस, म्हातारा अशा घरच्या माणसांसाठी राखलेली आहे. त्या ओळीत कुत्रा केव्हा आणि कसा येऊन बसला, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कामाला स्वतंत्र नाव नाही, त्या कामाचा इतिहास कसा लिहावयाचा, हा पद्धतीचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

२

प्रथम घोड्याकडे पाहू. पागा, मोतद्दार, खरारा, चंदी, तोबरा, नालबंदी असा अश्वनिगेचा भरगच्च शब्दसंग्रह मराठीत आहे. यातील कित्येक शब्द मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) नोंदलेले आहेत. बीड जिल्ह्यात या शब्दांचा वावर दीर्घकाळ राहिला, कारण मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. बैलाच्या वाट्याला पगारी सेवक नव्हता, पण सण होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीने होणारी खांदेमळणी, शिंगे साळणे आणि रंगविणे, झूल, बाशिंग या सर्वांस नावे आहेत.

कुत्र्यासंबंधीचे शब्द याहून वेगळ्या प्रकारचे आहेत. बोलाविण्यास 'यू यू', अंगावर सोडण्यास 'छू', हाकलण्यास 'हाड'. या तीन उद्गारांपैकी हाकलण्याच्या उद्गारापासूनच 'हडहड करणे' हा क्रियाप्रयोग तयार झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. म्हणींत कुत्र्याचे शेपूट येते, तेही नळीत घालून सरळ न होणारे; शरीर येते, ते लूत लागलेले. निगा राखण्याचा शब्द शोधू गेल्यास खास कुत्र्याचा म्हणून एकही हाती लागत नाही. जे आहेत ते बाळाच्या संगोपनातून आलेले आहेत : गोंजारणे, चुचकारणे, आंघोळ घालणे, विंचरणे. खुद्द 'निगा' हा शब्दही फारसी 'निगाह' म्हणजे दृष्टी यापासून आलेला असून 'लक्ष ठेवणे' हा त्याचा मूळ भाव आहे.

३

यावरून कुत्र्याच्या अंगाची निगा ही इंग्रजी अमदानीत आलेली नवी आवड होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. बालाघाटाचा प्रदेश ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत होता, त्या वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांस तो त्यातील मराठी पद्यांशांमुळे परिचित आहे. त्याच्या विनोद-विंशतीत 'सारमेयविनोद' असे कुत्र्यांविषयीचे स्वतंत्र प्रकरणच आहे. तेथे कुत्रा येतो तो राजाच्या करमणुकीचे आणि मृगयेचे साधन म्हणून. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास येतो; तेथेही कुत्रा पारध्याबरोबरचाच आहे.

अठराव्या शतकात छत्रपती शाहूंचा कुत्रा प्रसिद्धीस आला. वाघापासून आपला जीव वाचविणाऱ्या या कुत्र्यास महाराजांनी जहागीर आणि पालखी दिली, त्यास भरजरी वस्त्रे व जडजवाहीर घातले आणि स्वतःची पगडीही त्याच्या मस्तकी ठेवली, असा वृत्तान्त ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात दिला आहे. येथे कुत्र्याच्या अंगास शृंगार लाभला. पण ती दरबारी मानाची भाषा झाली, निगेची नव्हे. त्या भरजरी वस्त्राखालचे केस कोणी साफ केले, हे सांगण्याचे बखरकारास कारण नव्हते.

याचे एक कारण धर्माचारात आढळते. वैश्वदेवातील बळीचा वाटा श्वानास मिळतो, पण तो भूमीवर ठेवून. स्पर्श झाल्यास स्नान सांगितले आहे. अन्न द्यावे, अंग लावू नये, असा हा दंडक. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव लोकमानसात इतके खोल रुजले, ते या दंडकाच्या पार्श्वभूमीवरच. तथापि त्या कथेचा विषयही अन्नच आहे.

४

ग्रंथांत नसलेला हा व्यवहार घरात मात्र होता. धारूरच्या डोंगराळ भागात प्रस्तुत लेखकाने लहानपणी पाहिलेली रीत अशी : दुपारच्या वेळी मुले कुत्र्याला ओसरीच्या सावलीत आडवे पाडीत, कानांच्या आतील बाजू व पायाच्या बोटांमधील खाचा चाचपून गोचिडी वेचीत आणि त्या राखेत किंवा रॉकेलमध्ये टाकीत. लूत दिसल्यास करंजाचे तेल लावीत. पिसवांवर लिंबाच्या पाल्याचे पाणी असे. बालाघाट हा सीताफळांचा मुलूख असल्याने सीताफळाच्या बियांची पूडही वापरात होती. उवा मारण्यासाठी बायका जी पूड डोक्यास लावीत, तीच कुत्र्याच्या अंगाला. ही पूड डोळ्यांस घातक आहे, म्हणून ती लावताना मोठ्या बाईने कुत्र्याचे तोंड झाकून धरावे, असा नियम असे. आज तालुक्याच्या गावी कुत्र्यासाठीचा साबण आणि ब्रश मिळतो, पण हात फिरण्याचा क्रम तोच आहे : आधी कान, मग बोटे, मग शेपटीचे मूळ, कारण गोचीड तेथेच दडते.

साधन एक, औषध एक आणि करणारे हातही तेच. म्हणून शब्दही तेच राहिले. घोड्याच्या निगेस वेतन होते, म्हणून ती जमाखर्चात आली आणि तिला परिभाषा लाभली. बैलाच्या निगेस सण होता, म्हणून ती विधीत आली. कुत्र्याची निगा बायकामुलांकडे होती. तिचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि तिने आपले शब्द पाळण्याजवळून उसने घेतले.

५

शब्द नसल्याने काय होते, याचे अलीकडचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर व घरांच्या छतांवर नेत असल्याचे वृत्त पसरले. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारल्याचा हा सूड आहे, अशी कथा तयार झाली आणि न पडताळलेल्या आकड्यांसह ती जगभर गेली. वनविभागाने दोन वानरे पकडली. परस्परांच्या अंगावरील कीटक वेचणे हा वानरांचा जातिस्वभाव असून पिलांच्या बाबतीतही तेच चालले होते, आणि उंचावर अडकलेली पिले उपासमारीने किंवा पडून मेली, असा एक खुलासा त्या वेळी पुढे आला. तो खरा असेल, तर ज्यास गावाने व वृत्तपत्रांनी वैर म्हटले, ते विपरीत ठिकाणी केलेली निगाच होती. 'सूड' हा शब्द सर्वांच्या तोंडी तयार होता. दुसऱ्या कृतीला नाव नव्हते.

म्हणून कोशातील मौनास व्यवहाराचा अभाव समजू नये, हा या टिपणाचा निष्कर्ष आहे. कामाचे नाव न सापडल्यास ते काम कोणाच्या हाती होते, हे आधी पाहावे. त्यासाठी क्रियापदांची साक्ष घ्यावी. दप्तरात न आलेली गोष्ट 'आंघोळ घातली' एवढ्या साध्या प्रयोगात शिल्लक राहिलेली असते.