आटपाडीची शरदातली फळे : ताण, बहार आणि गोडी

अश्विन-कार्तिकात आटपाडीच्या बाजारात सीताफळ आणि डाळिंब शेजारी शेजारी मांडलेले दिसते. दोन्ही माणदेशाच्या हलक्या, मुरमाड रानात येतात आणि दोन्हींना पाण्याची ओढ सोसते. मात्र शरदात ती हाती येण्याची कारणे वेगळी आहेत. सीताफळाला ताण निसर्ग देतो, डाळिंबाला शेतकरी देतो. चव, रूप आणि बाजारातली आवक या तिन्हींचा उलगडा या भेदातूनच होतो.

सीताफळ मूळचे अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातले. मेंढरांच्या या मुलखात ते बांधाबांधावर रुजले, कारण त्याच्या पानांत कडू, विषारी द्रव्ये असतात आणि शेरडे त्याला तोंड लावत नाहीत. कडक उन्हाळ्यात झाड पाने गाळून उभे राहते. पाऊस लागला की नवी फूट आणि तिच्याबरोबर कळी येते. हे फूल जवळून पाहण्यासारखे आहे : तीन जाड, हिरवट पाकळ्या, तोंड खाली, आत अनेक स्त्रीकेसरांचा गुच्छ. फूल आधी स्त्री-अवस्थेत असते, पराग मागाहून सुटतात. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्याकडे न्यायला बारीक भुंगेरे लागतात. त्यातच हवा कोरडी पडली की स्त्रीकेसराचे टोक वाळते आणि पराग रुजत नाही. फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे असा एकेक स्त्रीकेसर. एखादे सीताफळ एका अंगाने बसके, वाकडे दिसते तेव्हा त्या बाजूचे डोळे फळलेलेच नसतात. पावसाळ्यात मध्येच लांबलेली उघडीप असे फळ हमखास देते, आणि महाराष्ट्राच्या सर्वांत कमी पावसाच्या तालुक्यांत मोडणाऱ्या आटपाडीत उघडीप नवी नाही.

फुलापासून फळ तयार व्हायला साधारण चार महिने लागतात, म्हणून सीताफळ शरदातच येते. डोळ्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या झाल्या की ते तोडायचे आणि अढीत घालायचे. तोडल्यानंतर पिठाची साखर होते, गर मऊ पडतो. कच्चे फळ फ्रीजमध्ये ठेवले तर साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. चार दिवसांत खाऊन संपवावे असे हे फळ आहे, आणि ते जिथे पिकते तिथल्याच माणसांना त्याची खरी चव मिळते.

डाळिंबाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. आपल्या हवामानात हे झाड वर्षभर थोडे थोडे फुलत राहते. सगळी फुले एकदम यावीत म्हणून बहार धरतात : महिना-दीड महिना पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, उरलेली इथ्रेल हे रसायन फवारून गाळायची, हलकी छाटणी करायची, खत घालायचे आणि पाणी सोडून ताण तोडायचा. काडीत साठलेले अन्न मग पालवीबरोबर कळीला मिळते. असे बहार तीन : जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार, जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. आज सर्वत्र दिसणाऱ्या ‘भगवा’ जातीचे फळ फुलापासून साधारण सहा महिन्यांनी तयार होते. म्हणजे शरदाच्या अखेरीपासून हाती येणारे डाळिंब मृग बहाराचे. शेतकऱ्याने दिलेल्या ताणाला इथे उन्हाळ्याचीही फुकट साथ मिळते. थंडावत जाणाऱ्या रात्रींमुळे दाण्यातला लाल रंग अधिक चढतो. भर उन्हाळ्यात वाढलेल्या फळाचे दाणे त्या मानाने फिके राहतात. माझ्या मते चवीला मृगाचेच फळ सरस.

पण धोकाही मृगालाच अधिक. उबदार, दमट हवेत तेल्या रोग पसरतो. फळावर तेलकट डाग उठतात, साल तडकते. दुसरा घाव परतीच्या पावसाचा. कोरड पडून ताठरलेली साल, आणि मुळाला एकाएकी भरपूर पाणी मिळाल्याने आतून फुगलेले दाणे : फळ उकलते. ताण फक्त फुलापूर्वी चालतो. फळ धरल्यावर पाणी कमी चालेल, पण कमी-जास्त चालत नाही. म्हणूनच ठिबक इथे बागेचा कणा ठरले.

जपानमध्ये मिकान संत्र्याचे बागायतदार उलट वेळ साधतात. फळ पिकत असताना जमिनीवर पांढरे आच्छादन अंथरून ते पावसाचे पाणी मुळांपासून अडवतात, म्हणजे गोडी वाढते. सेतो समुद्रातल्या कमी पावसाच्या शोदोशिमा बेटावर १९०८ साली ऑलिव्ह लावले गेले, आणि तेथेही शरदात तोडणी चालते. भरपूर पावसाच्या देशातही फळवाले कोरडेपणा मुद्दाम शोधतात, याची नोंद माणदेशाने घ्यावी.

डाळिंब घेताना सालीच्या लालीवर जाऊ नये. तयार फळाचा गोलपणा मोडून अंगावर कोन उमटतात, टोकाचा मुकुट आत वळतो, टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. सीताफळासारखे हे घरी पिकत नाही. झाडावर आली तेवढीच गोडी.

टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या तालुक्यात पोचवले, तसा बहार निवडण्याचा वावही वाढला. तेल्याला भिऊन अनेक जण मृग सोडून हस्ताकडे वळतात. त्यांचे गणित रास्त आहे. एका पावसात वर्षाची बाग जाते. मात्र हस्ताचे फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. त्यामुळे शरदाच्या अखेरीच्या बाजारात मृगाच्या डाळिंबाची आवक घटते आणि बांधावरच्या सीताफळाच्या पाट्या अधिक दिसतात.