भांड्यावरचं माहेर

सांगली-कुपवाडकडं लग्नाची भांडी घेतली की दुकानदार कागद पुढं सरकवतो, ‘नाव लिहून द्या.’ सुरुवात ‘चि. सौ. कां.’ पासून होते, खाली मामाचं किंवा आत्याचं नाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’, गाव, तारीख. विजेवर थरथरणारी सुई स्टीलवरून फिरते आणि डब्यांचा संच नाव घालून तयार होतो. या नावाकडं आपण नंतर फारसं बघत नाही. माझ्या मते मात्र मराठी घरातल्या बायकांच्या वारशाचा तो सगळ्यात खरा दाखला आहे, आणि त्याचं कूळ फार जुनं आहे.

मशीन येण्याआधी नाव हातानं घातलं जाई. बारीक टोकाची छिन्नी आणि हलकी हातोडी. एका ठोक्याला एक ठिपका, ठिपक्यांच्या रांगेतून अक्षर. जुन्या घागरीवर बोट फिरवलं तर ते नाव अजून हाताला लागतं. कारागीर जसं ऐकू येई तसं घाली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ वाटेल तसं पडलेलं दिसतं. मला ती अक्षरं शुद्धलेखनाच्या चुका वाटत नाहीत. गावात ते नाव कसं हाकारलं जाई, ते त्यांत ऐकू येतं.

नाव घालायची गरज पडली ती लग्नकार्यामुळं. जेवण पत्रावळीवर व्हायचं, पण रांधायला आणि पाणी भरायला लागणारी मोठी भांडी एका घरात कधीच पुरत नसत. गल्लीतून हंडे, घागरी, पराती, पातेली, ओगराळी गोळा होत. कार्य उरकलं की राखेनं घासलेल्या भांड्यांची रास अंगणात पडे आणि नावं वाचून ज्याची त्याला पोचती होत. वाचता न येणारी बाई काठावरच्या पोच्यावरून आपली घागर ओळखे. कुपवाड तेव्हा गाव होतं. आता भाड्याची भांडी येतात, केटरर येतात. तरी नाव घालायची रीत राहिली, कारण त्या नावाशेजारी देणाऱ्याचंही नाव असतं.

तांब्यावर अक्षर कोरून हक्क सांगायची पद्धत महाराष्ट्रात निदान दीड हजार वर्षांची आहे. चालुक्य राजा दुसऱ्या जयसिंहाचा मिरजेचा ताम्रपट शके ९४६ चा, म्हणजे इ. स. १०२४ चा. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा. नवरा वारल्यावर लहानग्या दिवाकरसेनाच्या वतीनं तिनं विदर्भाचा कारभार पाहिला. तिचा जो ताम्रपट ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो, तो एका तांबट घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेला होता. त्यात वंशावळ आहे ती गुप्तांची, तिच्या माहेरची. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक सासरच्या राज्यात गाव दान देते आणि स्वतःची ओळख बापाच्या कुळानं सांगते.

सामान्य घरातल्या बाईला जमिनीच्या कागदावर यायला मात्र फार वेळ लागला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. त्याआधी शेत मुलांकडं जाई आणि लेकीबरोबर भांडी जात. लग्नात कित्येक घरी तिचं नावही बदलत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिही. पुढं आयुष्यभर तेच चाले. जन्माचं नाव राही ते मामानं दिलेल्या परातीच्या काठावर.

आमच्या घरी आजीची अशी परात आहे. तिच्यावर आजीचं लग्नाआधीचं नाव आहे, तिच्या मामाचं नाव आहे आणि जत तालुक्यातलं गाव आहे. रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत कुठल्याही कागदावर ते नाव सापडत नाही. आजीच्या मागं शेत वाटलं तेव्हा तलाठी लागला. भांडी आत्या आणि काकूंनी स्वयंपाकघरात बसून वाटली, एकेक नाव वाचत आणि ते माणूस कोण होतं ते सांगत. परात त्या वाटणीत आलीच नाही. आजीनं ती हयातीतच माझ्या आईला दिली होती, कारण तिचं शेवटचं दुखणं आईनं काढलं होतं. त्या परातीत आई अजून भाकरीचं पीठ मळते.

पितळ मागं पडलं त्याला कारणं आहेत. ते जड असतं, त्यात आंबट ठेवलं तर कळकतं, म्हणून आतून कल्हई लागते. कल्हईवाला भात्यावर भांडं तापवी, नवसागर टाकी आणि कथील बोळ्यानं आतून फिरवी. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळ त्याच्या कितीतरी पुढं, म्हणून हे जमे. तो दारावर यायचा थांबला. आधी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी आली, मग स्टील, आणि बोहारणीनं जुन्या लुगड्यांवर ते घरोघर पोचवलं. पितळ मोडीत गेलं. आमच्या जिल्ह्याला धातू गाळणं नवीन नाही. खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. पण मोडीच्या काट्यावर वजनाला भाव मिळतो, नावाला नाही.

नावाचं मोल कळलं ते पुरात. २०१९ साली कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. घराघरांतले फोटो, पत्रिका, खरेदीखतं यांचा लगदा झाला. पितळी भांडी चिखलातून काढून घासली की नाव पुन्हा वाचता येत होतं.

म्हणून एक मागणं आहे. घरं लहान झाली आहेत, माळे उरले नाहीत. पितळ विकायचं तर विका. पण त्याआधी प्रत्येक भांडं चिंचेनं घासा, नाव वाचा, फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून ती माणसं कोण, ते वहीत लिहून ठेवा. लेकीच्या लग्नाची भांडी घेणार असाल, तर दुकानदाराच्या कागदावर तिचं जन्माचं पूर्ण नाव लिहा, आणि त्यात तिच्या आईचंही नाव घाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रानं आईचं नाव सक्तीचं केलं आहे. भांड्यावर ते घालायला कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.