होलोग्राम

औषधाच्या खोक्यावरची चकचकीत चकती दाखवत दुकानदार सांगतो, ‘होलोग्राम आहे, माल अस्सल!’ शब्दही अस्सल ग्रीक मुळाचा. ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण, ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेले. तो घडवला डेनिस गाबोर या मूळच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने. 1947 साली इंग्लंडात ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारू पाहत होते. साध्या फोटोत प्रकाशाची तीव्रता तेवढी उतरते. त्यांना लहरींची कलाही (फेज) टिपायची होती, म्हणून ‘संपूर्ण’. 1960 साली लेसर आला, तेव्हा कुठे खरी खोली असलेली चित्रे जमू लागली. नाव भलतेच चपखल: होलोग्रामची काच फुटली, तरी तुकड्यात अख्खे चित्र दिसते, जरा अंधूक. 2014च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारसभांत मंचावर अवतरलेल्या त्रिमितीय पुढाऱ्यालाही लोक होलोग्रामच म्हणाले. ते निव्वळ पारदर्शक पडद्यावरचे प्रतिबिंब, होलोग्राम नव्हेच.