विला कॅथरची कादंबरी आणि ताओसचा पाद्री : कादंबरी पुरावा म्हणून वापरताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती. आज तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण सिनॉप्सिस लिहिणाऱ्या बऱ्याच जणांकडून तीच होते.

माझा विषय अमेरिकन प्रादेशिक कादंबरी. प्रेझेंटेशनमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या न्यू मेक्सिकोची पार्श्वभूमी सांगताना मी बिनधास्त म्हणून गेले की ताओस गावचा पाद्री अँटोनियो होसे मार्टिनेझ हा लोभी, जुलमी माणूस होता. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी गप्प. कारण खरं उत्तर होतं : विला कॅथरने. म्हणजे एका कादंबरीने.

ती कादंबरी म्हणजे 1927 साली आलेली 'डेथ कम्स फॉर द आर्चबिशप'. कॅथर जन्मली व्हर्जिनियात, वाढली नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात. 'ओ पायोनियर्स!' आणि 'माय अँटोनिया' या तिच्या गाजलेल्या कादंबऱ्या तिथल्याच मातीतल्या. नंतर मात्र ती नैऋत्येच्या वाळवंटाकडे वळली. 1848 मध्ये मेक्सिकोशी झालेल्या तहानंतर न्यू मेक्सिको अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि तिथल्या कॅथलिक चर्चवर फ्रान्समध्ये जन्मलेला बिशप नेमला गेला. 1851 मध्ये सांता फेला पोचलेला हा बिशप म्हणजे जाँ-बाप्तिस्त लामी. कादंबरीचा नायक लातूर त्याच्यावरूनच बेतलेला आहे. त्याचा मित्र वेलां हा खऱ्या आयुष्यातला जोसेफ मॅशबफ.

आता इथे एक गोष्ट बघा. लामीचं नाव बदललं, मॅशबफचंही बदललं. पण मार्टिनेझ मात्र मार्टिनेझच राहिला! नायकांना काल्पनिक नावाचं कवच मिळालं आणि खलनायक आपल्या खऱ्या नावानिशी वाचकासमोर उभा राहिला. त्यामुळे कादंबरीतला आरोप थेट एका खऱ्या माणसाला चिकटतो. आरोपही साधा नाही. 1847 मध्ये ताओसला बंड झालं, गव्हर्नर चार्ल्स बेंट मारला गेला. त्या बंडाला मार्टिनेझची फूस होती आणि नंतर फाशी गेलेल्या इंडियन लोकांच्या जमिनी त्याने लाटल्या, अशी लोकवदंता कादंबरीत येते.

मग कागदपत्रांमधला मार्टिनेझ कसा दिसतो? जन्म 1793, आबिक्यु गावचा. तरुणपणी लग्न झालं, बायको लवकर वारली आणि पुढे तो पाद्री झाला. ताओसला त्याने शाळा काढली, 1835 मध्ये तिथे छापखाना नेला आणि मुलांसाठी पुस्तकं छापली. बंडाच्या वेळी त्याने घाबरलेल्या लोकांना स्वतःच्या घरात आसरा दिला, आणि नंतर बंडखोरांवरचे खटले फार घाईने उरकले जात आहेत अशी तक्रारही केली. लामीशी त्याचं बिनसलं त्यामागचं एक मोठं कारण पैशाचं होतं. चर्चचा दशांश न देणाऱ्यांना धार्मिक विधी नाकारायचं धोरण बिशपने 1854 मध्ये आणलं आणि गरिबांवरच्या या बोज्याला मार्टिनेझचा विरोध होता. शेवटी त्याला धर्मबहिष्कृत केलं गेलं.

म्हणजे तो संत होता का? तसंही नाही. पाद्री असताना त्याला मुलं झाली, हे त्याच्याकडे सहानुभूतीने बघणारे अभ्यासकही लपवत नाहीत. सांगायचं इतकंच की हा माणूस कादंबरीत मावला नाही.

आता खरा प्रश्न : कॅथरला हे चित्र मिळालं कुठून? ते तिने लपवलेलं नाही. 1927 मध्येच 'कॉमनवील' नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात तिने सांगितलं की विल्यम हाउलेट या पाद्र्याने लिहिलेलं एक पुस्तक तिच्या हाती लागलं आणि त्यातून तिला वाट सापडली. ते पुस्तक 1908 चं, आणि ते चरित्र कुणाचं? मॅशबफचं! त्याचा एक मोठा आधार म्हणजे मॅशबफने फ्रान्समधल्या आपल्या जोगीण बहिणीला लिहिलेली पत्रं. आणि ताओसच्या चर्चमध्ये मार्टिनेझच्या बहिष्काराची घोषणा करणाराही हाच मॅशबफ.

साखळी लक्षात आली का? भांडणातल्या एका बाजूची पत्रं, त्यावरून त्याच बाजूचं चरित्र, त्यावरून कादंबरी आणि कादंबरीवरून माझी स्लाइड. चार हात बदलले, पण दुसरी बाजू एकदाही ऐकली गेली नाही. आपल्याकडे आनंदीबाई म्हटलं की 'ध चा मा' आधी आठवतो. तो कागद कुणी पाहिला, हा प्रश्न नंतर सुचतो. तसंच हे.

तक्रार त्या काळातही झाली होती. सांता फेची लेखिका मेरी ऑस्टिन हिने 1932 च्या आत्मचरित्रात खंत मांडली की कॅथरने स्थानिक स्पॅनिश परंपरेपेक्षा फ्रेंच बिशपची बाजू घेतली.

मग कादंबरी संशोधनातून बाद करायची का? अजिबात नाही. फक्त तिला विचारायचा प्रश्न बदलायचा. 1850 च्या दशकात ताओसला काय घडलं, याचा ती पुरावा नाही. पण 1927 मधल्या अमेरिकेला तो भूतकाळ कसा आठवावासा वाटत होता, याचा ती उत्तम पुरावा आहे. फ्रेंच बिशप सुसंस्कृत आणि स्थानिक मेक्सिकन पाद्री रांगडा, ही मांडणी इतक्या सहज का पटली? हा प्रश्न घेतला की कादंबरी बोलायला लागते. माझं दुसरं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं.

तुमच्या कामात ऐतिहासिक कादंबरी येत असेल तर तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा :

1. लेखकाने कुठली साधनं वाचली, आणि ती साधनं कुणाच्या बाजूची होती?
2. कुणाची नावं बदलली, कुणाची तशीच ठेवली?
3. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं स्वतःचं लिखाण कुठे मिळतं?

मार्टिनेझकडे तर स्वतःचा छापखाना होता. त्याने छापलेलं, लिहिलेलं बरंच उरलं आहे. मी ते शोधलंच नव्हतं, कारण कादंबरी इतकी सुंदर होती की शोधायची गरजच वाटली नाही. सरांनी तो एक प्रश्न विचारला नसता, तर दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावरचा आरोप माझ्या प्रबंधात, माझ्या सहीने, पुन्हा एकदा छापला गेला असता.