व्हिडिओ गेम घरी कसा आला



वेरूळला गेलात तर एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, थोडे थांबा. तेथे शिवपार्वती सारीपाट खेळत बसली आहेत आणि खाली शिवगण नंदीची खोडी काढताहेत. दगडात कोरलेला असला तरी प्रसंग अगदी घरातला आहे. आपल्या माणसांत बसून खेळायचे, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी. आज ज्या खेळाची हकिगत सांगायची आहे, तो मात्र अर्ध्या शतकापूर्वीचा. तो दूरदर्शन संचाच्या पडद्यावर खेळतात आणि मुले त्याला व्हिडिओ गेम म्हणतात.

या खेळाचा जनक एके काळी रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता, बरं का! राल्फ बेअर त्याचे नाव. जन्म १९२२, जर्मनीतला. हिटलरच्या राज्यात ज्यू म्हणून त्याला शाळेतून काढून टाकले. १९३८ साली घरची मंडळी अमेरिकेला निघून गेली. तेथे हा पोरगा कारखान्यात राबू लागला. एकदा रेडिओदुरुस्तीच्या शिक्षणाची जाहिरात त्याच्या नजरेस पडली. टपालाने धडे मागवून त्याने ती विद्या हस्तगत केली. महायुद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, त्याने दूरदर्शनच्या तंत्राची पदवीही मिळवली.

१९५१ च्या सुमारास एका कंपनीत संच तयार करताना त्याने सुचवले, की यात एखादा खेळही घालू या. वरिष्ठांनी ती सूचना बाजूला सारली. पण कल्पना काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. १९६६ च्या ऑगस्टात, न्यू यॉर्कच्या एका बसस्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहत असताना, तिने पुन्हा उचल खाल्ली. त्याने तिथेच टिपणे काढली आणि १ सप्टेंबरला चार पानांचा मजकूर लिहून काढला. त्याचा प्रश्न साधा होता. घरोघरी ही पेटी आहे. ती बोलते, दाखवते, आणि माणूस नुसता बघत बसतो. त्याला या पेटीला उत्तर का देता येऊ नये?

हे साधले कसे, ते शेतकरी बांधवांना चटकन उमजेल. त्या जुन्या संचांत पडद्याच्या आतून एक किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीमागून ओळ फिरत असे. तिफण तासामागून तास घेत जाते तशीच ही रीत. चाड्यावरची मूठ ज्या क्षणी मोकळी कराल, त्याच जागी बी पडणार. तसा तो किरण नेमक्या क्षणी प्रखर केला, की त्या जागी उजेडाचा ठिपका उमटतो. बटण पिळून तो क्षण मागेपुढे केला, की ठिपका सरकतो. या एवढ्याशा युक्तीवर सारा खेळ उभा राहिला.

बिल हॅरिसन आणि बिल रश या दोघा सहकाऱ्यांसह बेअरने यंत्रे तयार केली. त्यांतल्या एकावर लाकडासारखा दिसणारा तपकिरी चिकट कागद लावला होता, म्हणून त्याचे नाव पडले तपकिरी डबा. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने त्यावरून ‘ओडिसी’ हा खेळ तयार केला आणि १९७२ साली बाजारात आणला. किंमत सुमारे शंभर डॉलर. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हता. गुण खेळणाऱ्यानेच कागदावर मांडायचे. मैदान हवे तर पडद्यावर रंगीत पारदर्शक पत्रा चिकटवायचा. आणि मौज अशी, की त्या खोक्यात पत्ते होते आणि फासेही होते! वेरूळच्या पटावरचे फासे नव्या यंत्राच्या सोबतीला आले, म्हणा ना.

पुढचा प्रवास झपाट्याचा झाला. त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा चेंडूफळीचा खेळ दुकानांतून आला आणि १९७५ मध्ये घरात शिरला. तो आवाज करी, गुणही मोजी. बेअरच्या हक्कांवरून खटला झाला. १९७६ मध्ये अटारीने पैसे भरून परवाना घेतला. त्याच साली फेअरचाइल्ड कंपनीने खेळ बदलता येणारी कॅसेट आणली. जेरी लॉसन हा कृष्णवर्णीय अभियंता त्या कामाचा प्रमुख होता. १९८३ मध्ये मात्र मालाचा सुकाळ झाला आणि अमेरिकेतला धंदा कोसळला. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या, तेव्हा लोकांची खात्री पटली! दरम्यान १९८३ मध्येच जपानच्या निन्टेन्डोने आपले यंत्र काढले होते. पुढे धंदा सावरला तो त्यावर.

आता आपल्याकडे वळू. ओडिसी बाजारात आली त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले. रंग आला १९८२ मध्ये. त्याच दशकात आपल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्हिडिओकॉनने दूरदर्शन संचांचा उद्योग उभारला. पैठण रस्त्यावरच्या चितेगावाचे नाव त्यामुळे दूरवर गेले. २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, ती गोष्ट निराळी. पण ध्यानात घ्या, संच आपल्या माणसांनी जोडले आणि त्यांना लावायचा खेळ बाहेरून आला. १९९० नंतर बाजारात आल्या त्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला. कॅसेटवर हजारो खेळांची जाहिरात असे. आत तेच दहावीस खेळ नावे पालटून येत. तरी पोरे खूश! कॅसेट अडली, की फुंकर मारून पुन्हा बसवत.

शिक्षक मित्रांनो, आपल्याकडे हात कमी नव्हते, हुन्नरही कमी नव्हता. ही पेटी आणखी काय करू शकेल, हे विचारणारा माणूस हवा होता. वर्गात एखादे पोर वहीच्या कोपऱ्यात असलेच काही खरडत बसलेले दिसले, तर वही हिसकावून घेण्याआधी एकदा विचारून पाहा, ‘काय काढतोयस रे, मला दाखव.’